माझी फी मी भरली

शनिवारी सकाळी पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला निघालो होतो, मी आणि मुग्धा. चांगीच्या जेट्टीवरून बोट असते. बारा माणसं जमली की सुटते... आम्ही धरून दहाच होतो.

मुग्धा आणि मी आंग मो किओ भागात एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये आहोत. चिप टेस्टिंग करतो. पार्ट टाइम मास्टर्सलाही दोघींनी एकदमच प्रवेश घेतला. गेल्या वर्षी स्कॉलरशिपसाठी दोघींनी अर्ज केला... तिला मिळाली.

मी अभिनंदनाचा मेसेज पाठवला. तो लिहायला मला चार तास लागले, हे तिला माहीत नाही. आता होईल.

स्कॉलरशिपवाल्यांना एक निळी कापडी बॅग मिळते. मुग्धा तीच घेऊन ऑफिसला येते, क्लासला येते, आणि शनिवारी बोटीलाही तीच घेऊन आली होती. आत केळी आणि सनस्क्रीन. ती ती बॅग मिरवत नाही, नुसती वापरते... मला त्याचाच जास्त राग येतो. तीन विषयांत माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त आहेत. कुणी विचारत नाही, पण मला पाठ आहेत.

तर, अकराव्या-बाराव्या माणसाची वाट बघत बाकावर बसलो होतो. मुग्धाने फोन काढला. "ए ऑडिटरबाई, माझा टॅक्सचा फॉर्म बघ ना जरा. सबमिट दाबायचं राहिलंय." मी फीच्या हिशोबाची एक्सेल शीट ठेवते, म्हणून हे नाव.

इथे शिकण्यासाठी भरलेल्या फीवर टॅक्समध्ये सूट मिळते. मुग्धाने त्या रकान्यात युनिव्हर्सिटीच्या स्टेटमेंटवरचा आकडा जसाच्या तसा टाकला होता. वर्षाची सगळी फी... म्हणजे स्कॉलरशिपने भरलेलीसुद्धा.

ते चूक आहे. दुसऱ्या कुणी भरलेली किंवा नंतर परत मिळालेली फी धरता येत नाही. स्वतःच्या खिशातून गेली तेवढीच. पुढेमागे तपासणी झाली तर खुलासा द्यावा लागतो, दंडही होऊ शकतो. आणि मुग्धाचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज सध्या विचाराधीन आहे. अशा वेळी टॅक्सच्या कागदात चूक कुणालाच नको असते.

हे सगळं मला पहिल्या नजरेत दिसलं. तरी मी नुसती स्क्रीन वरखाली करत राहिले... एक वाक्य मनात तयार होतं, 'ठीक वाटतंय.' ते खोटंही ठरलं नसतं, नुसतं निष्काळजी ठरलं असतं. बोटवाल्याने तेवढ्यात माणसं पुन्हा मोजली. दहाच.

मग सांगितलं. चांगुलपणाने सांगितलं असं म्हणणार नाही. सांगण्यातही मजा आहे, हे तोवर लक्षात आलं होतं.

"ही फी तुझी नाहीये. स्कॉलरशिपने भरलेली सगळी काढ. तुझी फक्त परीक्षा फी उरते."

"अय्या, एवढीशी?" ती हसली. आकडा खोडून नवा टाकलासुद्धा. "बरं झालं तुला विचारलं. वाचले गं."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "माझं सोपं होतं. सगळी फी मीच भरली, त्यामुळे पूर्ण आकडा. सबमिट करूनही झालं."

मुग्धाने माझ्याकडे बघितलं. "पूर्ण? आणि पहिल्या विषयाचे कंपनीने परत दिले ते?"

...

गेल्या वर्षी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी तीन आठवडे पुण्यात होते. कंपनी वर्षाला एका विषयाची फी परत देते, पण फॉर्मला मुदत असते. माझ्या पावत्या मुग्धाने प्रिंट केल्या. मॅनेजरची सही तिने मिळवली, एचआरकडे दोन चकरा तिने मारल्या. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून फक्त माझ्या सहीचा फोटो पाठवला होता. पैसे पगारात जमा झाले, पेस्लिपवर एक ओळ आली.

माझ्या शीटमध्ये भरलेल्या फीचा कॉलम आहे. परत आलेल्या फीचा नाही. मी तो केलाच नव्हता.

आणि वर्षभर मी लंचला सगळ्यांना सांगत होते, कुणाचा एक डॉलर न घेता शिकतेय म्हणून. बहुतेक वेळा मुग्धा समोरच बसलेली असायची.

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"तुला बरं वाटत होतं ना तसं म्हणून." ती केळं सोलत होती. "म्हणून म्हटलं, असू दे."

मी उठून बोटवाल्याकडे गेले आणि दोन रिकाम्या जागांचे पैसे भरले. बाकीचे आठजण खूश झाले. मुग्धा सायकल चढवता चढवता म्हणाली, "ह्याच्यावर सूट नाही हं मिळत."

टॅक्स फॉर्मची मुदत अजून होती. उबीनला उतरल्यावर सगळ्यात आधी माझा फॉर्म उघडला आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवला.

हेवा गेला असं लिहिणार नाही. ती निळी बॅग सोमवारीही खुपलीच. पण शीटमध्ये आता दुसरा कॉलम आहे, आणि त्यात पहिली नोंद त्या विषयाची आहे. शेजारी मुग्धाचं नाव लिहिलंय.

मुग्धा, तू हे वाचशीलच. कंपनीच्या त्या फॉर्मसाठी थँक्यू... तेव्हा म्हणायचं राहिलं होतं.