माझी मंगलाष्टकं आणि त्याची मालकी

मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नात मी मंगलाष्टकं म्हटली. शब्द माझे, आशीर्वादाची कडवी माझी नेहमीचीच, आवाजही माझा. व्हिडिओवाल्याने लग्न इंटरनेटवर टाकलं आणि आठ दिवसांत भाचीचा फोन आला.

"मावशी, त्या साइटनं आपल्या व्हिडिओचा आवाजच बंद करून टाकला. म्हणते, हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे."

"कोणाच्या?"

तिने नाव सांगितलं. आमच्या वाशिमच्याच एका ऑर्केस्ट्रात गाणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी एका मांडवात भेटून म्हणाला होता, "काकू, तुमची अष्टकं मले द्या नं, कामी पडतील." मी घरी बोलावून चहा पाजला आणि आठवली तेवढी त्याच्याच मोबाइलमध्ये म्हणून दिली. त्याने ती बासरी-तबला लावून गायली आणि खाली लिहिलं, 'गीत, संगीत, गायन' आणि पुढे स्वतःचं नाव.

भाची म्हणाली, "याले बौद्धिक संपदा म्हणतात, मावशी. तुह्याजवळ काय काय आहे ते आधी लिहून काढ. मंग आपण तक्रार करू."

वही घेऊन बसले. तीसेक वर्षं मी हेच काम करते आहे. नवरीच्या घरी तासभर बसायचं, ऐकायचं आणि त्या घरापुरती अष्टकं लिहायची. पण माझ्याजवळ त्यातलं काहीच नव्हतं. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला लिहायचं, मांडवात म्हणायचं आणि तो कागद नवरीच्या माहेरी देऊन यायचं, अशी माझी रीत. खाली सही नाही, तारीख नाही. वहीत मी लिहिलं, 'वृत्तात लिहिता येतं.' त्याखाली, 'माणसांचं ऐकता येतं.' पुढे पेन चालेना. आयुष्यभराच्या कामाच्या दोन ओळी झाल्या. त्या गाणाऱ्यापेक्षा जास्त राग मला माझाच आला.

मग मन घट्ट करून त्याचं गाणं पूर्ण ऐकलं. मधेच ओळ आली:

'आईने शिवले उन्हात कपडे, केले तुला शिक्षिका.'

मी ताडकन उठले. ही ओळ कामरगावच्या एका मुलीची होती. तिची आई ओट्यावर मशीन टाकून लोकांचे कपडे शिवायची. त्याने ती जगातल्या सगळ्या नवरी मुलींसाठी गाऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कामरगावला गेले. बाई थकल्या होत्या, पण मशीन तिथेच होतं. मी कागदाचं विचारताच त्यांनी मशीनचा खण ओढला. बॉबिन, खडूचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली पत्रिका. मागे माझं अक्षर.

"फेकला नाही?"

"कायले फेकू? माह्या शिवण्यावर कोणी काही लिहिलं असं एकडावच झालं. पोरगी येते तवा वाचून दाखवते मले."

लग्नाची सीडीही त्यांनी काढून दिली. तिच्यात मी म्हणत होते, त्याच्या गाण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

परतल्यावर त्याला फोन केला.

"काकू, अष्टकं कोणा एकाची असतात का? ती तं समाजाची असतात."

"मंग मालकी तुह्या नावाची कशी?"

"ते चॅनलवाल्याईनं टाकलं असन. तुमी काहून एवढं मनावर घेऊन राह्यल्या?"

भाचीने पत्रिकेचा फोटो आणि सीडी जोडून तक्रार पाठवली. महिनाभराने आमच्या व्हिडिओचा आवाज परत आला. तिने आनंदाने फोन केला, "जिंकलो आपण!" मी त्याचं गाणं उघडून पाहिलं. त्याने आपलं नाव गायनापुरतं ठेवलं होतं. गीतासमोर आता लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

मी अजून जिवंत आहे. घरी भांडी घासते, गुडघ्याला तेल चोळते. चोराचं नाव गेलं, पण त्या जागी माझं आलं नाही, कोणाचंच आलं नाही. भाची म्हणाली पुन्हा तक्रार लिहू. मी नको म्हटलं. 'पारंपरिक'शी भांडायचं कसं, ते मला कळेना.

तेव्हापासून प्रत्येक कागदाखाली नाव आणि तारीख टाकते, एक प्रत घरी ठेवते. मागच्या महिन्यात अनसिंगचे एक गृहस्थ मुलीसाठी अष्टकं न्यायला आले. कागद वाचून खूश झाले. मग बोट खाली आलं.

"ताई, हे नाव कायले? एवढं काढून टाका नं. शुभ कार्यात घरच्यायचीच नावं बरी दिसतात."

"नाही काढत," मी म्हटलं.

ते कागद तिथेच ठेवून उठले. दारातून म्हणाले, लग्नाला मात्र नक्की या.

मी गेले नाही.