बुकित बातोकच्या कॉरिडॉरमधला तुकतू

अन्याय इलायजावर झाला. पहिल्यांदा २००६ च्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास, कॅनडाच्या पार उत्तर टोकाला, भुरभुर बर्फात. तो करणाऱ्या चौघांत माझा सख्खा भाऊ होता. दुसऱ्यांदा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी, सिंगापुरात, बिशानच्या एका फ्लॅटमध्ये, पंख्याखाली, चहा-चिवड्याबरोबर. तो मी केला.

हे आधीच लिहून टाकलं, कारण अशा सदरात लोक भुताची गोष्ट वाचायला येतात आणि माणसाला विसरून जातात.

आता माझ्याबद्दल. भूत, बाधा, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. नागपूरला कॉलेजात असताना अंगात आलेल्या बाईसमोर उभं राहून मी पत्रकं वाटली आहेत. एकाने चप्पल फेकून मारली. ती उचलून परत दिली आणि वर त्यालाही एक पत्रक दिलं. आमच्या प्रत्येक पत्रकाखाली एक ओळ ठरलेली असायची — 'पुरावा दाखवा'. तर पुढे जे सांगते आहे त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी इथे सिंगापुरात एका लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट आहे. राहते दादा-वहिनीकडे, बुकित बातोकला, सातव्या मजल्यावर. ब्लॉक जुना, एचडीबीचा, म्हणजे इथल्या सरकारी घरांचा. लिफ्ट पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबते, म्हणजे आमच्याकडे यायचं तर दोन मजले पायी चढा नाहीतर उतरा. लांबच लांब उघडा कॉरिडॉर, आमचं दार शेवटून दुसरं, शेवटचं शेजारच्या चिनी आंटींचं. दादाची मुलगी मिनू चार वर्षांची. घरात मराठी ऐकते आणि उत्तर देते किंडरगार्टनच्या इंग्रजीत.

दादा इंजिनिअर. त्या सप्टेंबरात तो कॅनडातल्या एका खाणीवर मशिनरी बसवायला गेला होता. काम संपल्यावर तिथल्या लोकांनी पाहुणचार म्हणून दादा आणि त्याच्याबरोबरच्या तिघांना कॅरिबूच्या शिकारीला नेलं. कॅरिबू म्हणजे तिथलं मोठ्ठं, शिंगाळं हरीण. बरोबर गाइड म्हणून जवळच्या गावचा इन्युइट, म्हणजे तिथल्या मूळ जमातीचा माणूस, इलायजा. पाहुण्यांनी गाइडशिवाय शिकारीला जायचं नाही असा तिथला नियम आहे.

तिथून पुढच्या साइटचं काम आटोपून दादा नोव्हेंबरात परत आला तेव्हा जेवताना वहिनीने विचारलं, "मग? मारलं का कुणी?"

"मारलं म्हणजे... लागली एकाला. मागच्या पायाला. पण गाइड म्हणाला सोडा, चला. आलो सोडून."

"जखमी? तसंच?"

"त्याचा मुलूख, त्याचे नियम. भात वाढ."

गोळी कुणाची, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण माझं डोकं तोवर सणकलं होतं आणि पत्रकाचा मथळाही तयार होता — 'बर्फात मरायला सोडलेला जीव'. त्याच आठवड्यात लिहून काढलं. पहिल्याच परिच्छेदात इलायजाचं नाव, गावासकट. अन्याय करणाऱ्याचं नाव घ्यायचं, 'काही लोक' असं लिहायचं नाही, हे मला शिकवलेलं. पुढच्या रविवारी बिशानला एका काकूंकडे वंदनेला सगळे जमले होते. पंचशील म्हणून झालं, चहा आला आणि मी उभी राहून ते वाचून दाखवलं. जीवहिंसा न करण्याचं पहिलं शील कोण मोडतं बघा, म्हणून. लोक हळहळले. त्या रात्रीच ते आपल्या ई-मेल ग्रुपवर गेलं. तुमच्यातल्या कितीजणांनी फॉरवर्ड केलं ते मला माहीत आहे, कारण कौतुकाची उत्तरं मलाच येत होती. कुणीतरी त्याचं चांगलं इंग्रजी भाषांतरही केलं.

मग सुरू झालं.

बुधवारी मी लॅबमधून लवकर निघते आणि मिनूला शाळेतून आणते. डिसेंबरातला पहिला बुधवार, दुपारचे अडीच. बाहेर ऊन रणरणत होतं. मी मिनूला वरणभात भरवत होते. तेवढ्यात कॉरिडॉरमधून आवाज आला. टक्... टक्... टक्... आणि मग काहीतरी घासल्यासारखं. पुन्हा टक्... टक्... टक्... घास्स. चपलांचा नाही, काठीचा नाही. कुणी सावकाश बोटं मोडावीत तसा. मला गंमतच वाटली — कोण बाई माझ्या नावाने बोटं मोडतेय?

मिनू जाळीच्या दाराकडे बघत होती. म्हणाली, "आत्या, तुकतू."

मला ऐकू आलं टुकुटुकु. "कोण बघतंय गं टुकुटुकु?"

"नो लाह! नॉट बघतंय. तुकतू. हिज लेग पेन."

दार उघडलं. कॉरिडॉर रिकामा. पण सिमेंटवर ओले ठसे होते. समोरासमोर ठेवलेल्या दोन चंद्रकोरी, सगळं मिळून बशीएवढं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा... आणि शेजारून डाव्या अंगाने ओढत नेल्यासारखी एक ओली रेघ. आमच्या दारापर्यंत. पुढे काही नाही. परत गेल्याचेही ठसे नाहीत. मी बोट लावलं. फ्रीझरमधून काढल्यासारखं गार पाणी.

मी काय केलं असेल? वरच्या मजल्यावर जाऊन एअरकॉनचा पाइप बघितला, कोरडा. खालच्या मजल्यावर गेले. वहीत वेळ लिहिली. फोटो काढले, त्यात नुसतं ओलं सिमेंट आलं. वहिनीला सांगितलं तर ती म्हणे, "नवव्या मजल्यावरचे ते अंकल असतील. त्यांना सवयच आहे टुकुटुकु बघत फिरायची."

दुसऱ्या बुधवारी तेच. या वेळी शेजारच्या आंटी मॉप घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यावरच डाफरल्या, "यू कीप बिग डॉग, इज इट? एचडीबी नॉट अलाऊ हां! सो बिग फूट! अँड सो पुअर थिंग, लेफ्ट लेग कॅनॉट वॉक, यू ऑल डोन्ट ब्रिंग टू डॉक्टर वन!"

"आंटी, यू सॉ इट?"

"सॉ व्हॉट? आय हिअर. आय मॉप. टू टाइम्स ऑलरेडी!"

त्यांनाही कुणी दिसलं नव्हतं. त्यांना ऐकू येत होतं आणि त्या पुसत होत्या. मिनूला मात्र दर वेळी दिसायचं. ती हात हलवून बाय करायची.

तिसऱ्या बुधवारी दादाला बरं नव्हतं म्हणून तो घरी होता. सोफ्यावर पडून पेपर वाचत होता. टक्... टक्... टक्... घास्स. पेपर खाली आला. माझ्या भावाचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता, बाबा गेले तेव्हाही नाही.

"हा आवाज कसला आहे?" तो म्हणाला. पण विचारणाऱ्याचा सूर नव्हता तो.

"तूच सांग."

"कॅरिबू चालताना पायातून येतो असा. शिरा घासतात हाडावर... अख्खा कळप चालायला लागला की टकटक टकटक नुसतं..."

"डॅडी, तुकतू!" मिनू म्हणाली.

दादा उठून उभाच राहिला. "काय म्हणाली ती?"

"टुकुटुकु. दोन आठवडे चाललंय तिचं. तू शिकवलंस?"

"टुकुटुकु नाही गं. तुकतू. त्यांच्या भाषेत कॅरिबूला तुकतू म्हणतात. इलायजा सारखं तेच म्हणत होता." मग हळूच, "मी हा शब्द घरात काढलेला नाही. आईशपथ. मला तो काढायचाच नव्हता."

वहिनीने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसली. आणि मग दादाने सांगितलं.

गोळी त्याचीच. लागली मागच्या उजव्या पायाला, म्हणजे त्याला तसं दिसलं. जनावर पडलं, उठलं, टेकाडाआड गेलं. इलायजा गुडघ्यावर बसून बर्फातलं रक्त बघत होता. म्हणाला, आपण केलेली जखम आपणच संपवायची, तासाभरात सापडेल. पण आभाळ भरून आलेलं आणि पाच वाजता परतीचं छोटं विमान. चौघांनी गाड्या चालू केल्या. इलायजा नको म्हणत राहिला. वादळात या अडाण्यांना एकटं सोडलं तर मरतील, म्हणून शेवटी तो यांच्याबरोबर आला. येऊन त्यानेच गावच्या शिकार-परवाना ऑफिसात कळवलं, की जखमी जनावर मागे राहिलंय, वादळ थांबलं की मी जाणार. जनावर असं टाकून देणं तिथे गुन्हा आहे. ऑफिसने चौघांना विचारलं. चौघांनी एका कागदावर सह्या केल्या की सोडा असं गाइडनेच सांगितलं.

"चौथं शील काय आहे रे दादा?" मी ओरडले. "मुसावादा वेरमणी! पोपटासारखं म्हणतोस ना दर रविवारी? खोट्या कागदावर सही केलीस तू!"

"पीआरचा, इथे कायम राहायचा अर्ज आत आहे माझा. त्या साइटवर मला परत पाठवणार आहेत. एका कागदाने सगळं..."

"आणि त्या माणसाचं?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी निदान विचारल्यावर खोटं बोललो. तुला तर कुणी विचारलंही नव्हतं. तू नाव छापलंस."

वहिनी म्हणाली, "पुरे. दोघंही पुरे." तिचे डोळे भरले होते. मिनू दाराच्या जाळीला नाक लावून उभी होती.

पुरावा दाखवा म्हणणारी मी, आणि मी एक प्रश्न विचारायचे कष्ट घेतले नाहीत.

दादाने त्या ऑफिसला पत्र लिहिलं. दोन दिवस लागले त्याला, पण स्वतः लिहिलं, गोळी माझी, निर्णय आमचा, सही खोटी. पीआरचं जे व्हायचं ते होवो म्हणाला. मी गावच्या ऑफिसला फोन लावला, तिथून इलायजाचा नंबर मिळाला. त्याचा आवाज शांत, इंग्रजी सावकाश. मी कोण ते सांगितलं, माफी मागितली. तो म्हणाला, "तुझं पत्रक माझ्या मुलीने मला वाचून दाखवलं." एवढंच.

मग, का कोण जाणे, मी त्याला कॉरिडॉरचं सांगितलं. सगळं, मिनूचा शब्दसुद्धा. मला वाटलं हसेल. हसला नाही तो. मग म्हणाला, "कुठल्या पायाने लंगडतो?"

"मागच्या डाव्या. माझा भाऊ म्हणतो उजव्या."

"तुझा भाऊ चुकला. वादळ थांबल्यावर मला सापडलं ते. डावा पाय. ऑफिसच्या फॉर्ममध्ये पाय कुठला हे कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही."

हे मला समजावून सांगा. शब्द दादाच्या तोंडून झोपेत निघाला असेल, मिनूने उचलला असेल... मान्य. आवाज पाइपचा असेल, मान्य. पण डावा पाय? सिंगापुरात एकालाही ते माहीत नव्हतं. आंटींना तर नाहीच नाही.

जानेवारीत ऑफिसचं उत्तर आलं. तुमच्या भावाचं पत्र फाइलला लावलं आहे, पण बाकी तिघांच्या सह्या कायम आहेत. शिवाय सिंगापूरहून या गाइडचा धिक्कार करणारी बरीच पत्रं आली आहेत, तीही फाइलमध्ये आहेत. त्याच्या परवान्यावर मार्चमध्ये निर्णय होईल. तोवर काम बंद. परवाना गेला तर गावात गाइड म्हणून त्याला कायमचं कुणी उभं करणार नाही, आणि त्याच्या नावापुढे 'जनावर टाकून आलेला' एवढंच राहील. तिथल्या माणसाला याहून मोठी शिवी नसावी.

ती 'बरीच पत्रं' तुमची आहेत. माझं पत्रक, तुमचे फॉरवर्ड.

आवाज थांबला का? नाही. दादाने पत्र टाकल्यापासून आमच्या दारापुढे मात्र येत नाही. गेल्या बुधवारी बिशानच्या काकूंचा फोन आला, "अगं, आमच्याकडे कॉरिडॉरमध्ये पाणी कुठून येतंय कळत नाही बघ. आणि हे म्हणतात कुणीतरी दाराशी बोटं मोडतंय." मी त्यांना काही बोलले नव्हते. काकूंनी माझं पत्रक त्यांच्या सगळ्या माहेरला पाठवलं होतं.

'हे पत्र दहाजणांना पाठवा, नाहीतर संकट येईल' असली साखळीपत्रं मी जाहीर सभेत फाडली आहेत. हेही तसलंच वाटत असेल तर वाटू दे. मी तुम्हाला भीती घालत नाही. तुमच्या दाराशी काही येईल की नाही मला माहीत नाही, त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि ते मिळेपर्यंत थांबायला वेळ नाही, निर्णय मार्चमध्ये आहे.

ज्यांना ज्यांना ते पत्रक पाठवलंत, त्या प्रत्येकाला आज परत लिहा. त्या ऑफिसलाही लिहा, पत्ता मागितलात तर मी देते. एकच वाक्य पुरे: इलायजाने ते जनावर सोडलं नव्हतं, आम्ही न विचारता त्याला दोषी ठरवलं. आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घाला.