सशाचं डोकं

मिस्त्रींची वाचा गेली त्याला पाच महिने होत आले होते. तीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी वरच्या मजल्यावरून हाक दिली की तळमजल्यावरचा मदतनीस दचकायचा. आता खिडकीशी खुर्चीत बसून नुसते बघत राहायचे. अर्धांगाचा झटका ओसरला, हात वळू लागला, पाय टेकू लागला, जीभ मात्र हलेना. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा चित्रं घेऊन येत. "हे काय? पाणी." मिस्त्री तोंड फिरवत. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, काकूंना, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच येतं." तेव्हापासून काकू देवाकडे एकच मागत होत्या. एक शब्द. कुठलाही.

त्यातच नातीनं लोकरीच्या सशाचा हट्ट धरला आणि सुनेनं नमुन्याचा कागद आणून दिला. काकूंनी जन्मभर क्रोशानं रुमाल विणले, पण पोटात कापूस भरायचा प्राणी पहिल्यांदाच. आधी सहा टाके, मग बारा, मग अठरा, असं छत्तीसपर्यंत चढायचं, काही फेरे तसेच काढायचे आणि पुन्हा सहासहानं उतरायचं. या विणीत फेरा कुठे सुरू झाला ते कळतच नाही, शंखासारखी ती फिरत राहते. म्हणून फेऱ्याच्या पहिल्या टाक्यात लाल धागा अडकवायचा आणि टाके मोजायचे. काकू मोठ्यानं मोजत. मनात मोजलं की मध्येच भाजीचा विचार यायचा आणि आकडा पळायचा.

त्या सकाळी नणंद आली. काकूंच्या हातातलं बघून म्हणाली, "वहिनी, हा ससा की कोबी?"

"डोकं आहे ते. कान यायचेत."

"दादाचं लग्न ठरलं तेव्हा आईही हेच म्हणाली होती. अक्कल यायचीय."

काकू पोट धरून हसल्या. हसताहसता, बोलताबोलता बोटांनी कधी लाल धागा उपसला आणि कधी तो करंगळीला गुंडाळला, कळलंच नाही.

"अगं बाई! खुणेचा धागाच काढला मी!"

आता फेऱ्याचं तोंड सापडेना. उसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्या खिडकीकडे वळून म्हणाल्या, "अहो, कितीवर होते मी?"

"एकवीस."

आवाज घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा. काकूंना वाटलं नणंद बोलली. नणंदेला वाटलं, रस्त्यावरून कुणीतरी. मग दोघींनी एकदमच खुर्चीकडे पाहिलं.

नणंद धावली. "दादा! मला हाक मार ना. पाणी म्हण, पाणी!" मिस्त्रींच्या कपाळावरची शीर फुगली, ओठ थरथरले, डोळे भरून आले. शब्द काही फुटला नाही.

"छळू नकोस त्यांना," काकू म्हणाल्या. त्यांनी सुई आत घातली आणि धागा ओढून घेतला. टाका पडला.

"बावीस."

पुढचा टाका. "तेवीस."

बरोबर की चूक, हे पडताळायचं काकूंना सुचलंसुद्धा नाही. आपली प्रार्थना ऐकली गेली तर काय काय होईल, याची शंभर चित्रं त्यांनी रंगवली होती. देव असा आकड्यांच्या वाटेनं घरात येईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

नणंदेनं बोलायला शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. "मोजणं कधीकधी शाबूत राहतं," पलीकडून बाई घाईघाईनं म्हणाल्या. "थांबू नका. विणत राहा."

काकू विणत राहिल्या. जेवणाची वेळ टळून गेली. डोक्यात कापूस भरला तो नणंदेनं. फेरे उतरू लागले. तीस, चोवीस, अठरा. मिस्त्रींचा आवाज मध्ये मध्ये फाटायचा, पुन्हा जुळायचा. बारा. मग सहा. काकूंनी शेवटचं भोक आवळलं, धागा कापला आणि सुई मांडीवर ठेवली.

काकूंच्या मनात आलं, आकडेच संपले, आता?

मिस्त्री मोकळ्या सुईकडे बघत होते. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अ... अजून," ते म्हणाले.

हा आकडा नव्हता.

काकूंनी नमुन्याचा कागद उचलला, पण अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी झाली होती. तो त्यांनी नणंदेपुढे धरला.

"वाच गं लवकर. कानाला किती टाके?"