आतून लावायची कडी

"स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कमरेचा पेजर वाजत होता आणि मी त्याच्याकडेच बघत राहिले. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली म्हणून माझा उजवा हात लुळा पडला होता. मी बावन्न वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. पहिला विचार मरणाचाच आला, खोटं कशाला सांगू?

वाचले. हॉस्पिटलमधून गोत्रीला आमच्या घरी आले आणि वेगळीच भीती सुरू झाली. मी बाथरूममध्ये गेले की हे दार लावू देत नसत. दार अर्धं उघडं आणि हे बाहेर पाठ करून उभे. "पडलीस म्हणजे?" पडायची भीती मलाही होतीच. पण उरलेलं आयुष्य असंच उघड्या दारात जाणार, याची भीती त्याहून मोठी होती.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिलेले उपचार. दोन महिने मी फळीच्या भोकांत लाकडी खुंट्या बसवल्या. पकड मोजायच्या यंत्रावर आकडा वाढत होता. "सुधारणा छान आहे," असं तिथले थेरपिस्ट सांगायचे. डोंबलाची सुधारणा! घरी दार उघडंच.

मग हेतलबेन नावाच्या नव्या गुजराती थेरपिस्ट आल्या. त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता. प्रश्न सगळ्यांना तेच, उत्तरं मात्र पेशंटने आपली आपण द्यायची. कोणतं काम करायचंय, ते किती महत्त्वाचं, किती जमतं, त्यावर समाधान किती, याला दहापैकी मार्क.

"हिला पोळ्या करायच्यात," हे म्हणाले. अहो, हात धड होता तेव्हाही माझ्या पोळ्या कुणी मागून खाल्ल्या नव्हत्या! तरी मी मान डोलावली.

हेतलबेन माझ्याकडे बघत होत्या. "काका, तमे जरा बहार बेसो ने." हे गेल्यावर त्या म्हणाल्या, "मासी, हवे बोलो." म्हणजे, आता बोला.

मला रडूच फुटलं. "बाथरूमची कडी. आतून लावायचीय. आणि काढताही आली पाहिजे."

त्यांनी फॉर्मवरच्या पोळ्या खोडल्या आणि कडी लिहिली. महत्त्व दहा, जमतं एक, समाधान एक.

दुसऱ्या दिवसापासून खुंट्या बंद. फळीवर खरीखुरी कडी ठोकलेली, ती ओल्या बोटांनी सरकवायची. घरी बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली.

सहा आठवड्यांनी घरी कडी लावली. अंघोळ झाली. काढायला गेले तर बोटं हलेचनात. दरदरून घाम फुटला.

"अगं, काय झालं? दार तोडू का?"

"थांबा!" मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. चौथ्या खेपेला कडी सरकली. बाहेर हे भिंतीला टेकून खाली बसलेले, माझ्याहून पांढरेफटक. इतके दिवस मी त्यांच्यावर चिडत होते, तेही घाबरलेलेच होते.

हेतलबेननी तोच फॉर्म पुन्हा काढला. जमतं, पाच. समाधान, दहा.

"जमतं पाच, ने समाधान दस?" त्या हसल्या.

"मी कधी कुणाला फुकट मार्क दिलेले नाहीत," मी म्हटलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवा आणि मनातलं काम सांगा, लाज वाटली तरी. हेतलबेनचे उपकार मी विसरणार नाही. भीती गेली का? छे, रोज वाटते. पण आता दार लावून वाटते.