ऊब पिणारी हवा

सणसवाडीच्या कंपनीत कामाला असलेला एक पोरगा, सुटी झाली की आमच्या मळ्यावर यायचा. बोलायच्या आधी डोळे मिटायचा, शब्द लांबून चालत येतोय असं वाटायचं. कुठलीही वस्तू हातात आली की गालाला लावून तिची ऊब बघायचा. शाळा मी फार पाहिली न्हाई, पण माणसं पाहिली. असा दुसरा न्हाई.

त्यानं एक नळी केली होती. एका टोकाला शेगडीच्या कॉइलचा तापणारा तुकडा, दुसऱ्या टोकाला भंगारातून आणलेला, ऊब ओळखणारा डोळा. मधल्या भोकांतून वाईट हवा शिरली की ती ऊब पिते आन् वायरीनं जोडलेल्या मीटरचा काटा खाली येतो, असं सांगायचा.

त्या दुपारी पंपाचा फूटव्हॉल काढायला मी विहिरीत उतरणार होतो. हवा बघायला आत सोडलेला कंदील जळत होता. त्यानं वायरीला बांधून नळी सोडली. वर त्याच्या हातातल्या मीटरचा काटा खाली आला.

"आबा, उतरू नका."

"कंदील जळतोय की!"

त्यानं डोळे मिटले. "कंदिलाच्या आधी माणूस विझतो, आबा."

आन् माझ्या दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसला.

"ऊठ. दोर माझा हाय."

"व्हय, तुमचाच. मी नुसता बसलोय."

मी शिव्या दिल्या. तो डोळे मिटून ऐकत राहिला. विहिरीवर ऊन पाण्यासारखं हलत होतं. बघता बघता ते कलंडलं, आन् मीही त्याच्या शेजारी टेकलो.

"चल, चहा घेऊ."

"आधी शब्द द्या, उतरणार न्हाई म्हणून."

सासऱ्यानं मागितला तवाही मी शब्द दिला नव्हता. त्याला दिला. मगच तो दोरावरून उठला.