वरचे दोन हात

माझ्या मामेसासऱ्यांइतका पाण्याच्या उंचीबद्दल हट्टी माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात सापडणार नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आले तरी चहाआधी गॅलरीतून वाकून विचारतात, "पाणी कुठवर चढतं इथं?" गावात पूर ओसरला तेव्हा लोक घरातला चिखल उपसत होते, आणि हे पोळ्याचा उरलेला गेरू कालवून भिंतीभिंतीवर लाल रेघा ओढत हिंडत होते. शाळेवर रेघ, गिरणीवर रेघ. पहिली रेघ मात्र स्वतःच्या गोठ्यात. दावणीला बांधलेली त्यांची गाय त्या पाण्यात गेली. भिजून आवळलेली गाठ सुटलीच नाही.

मग नदीकाठी पूरसंरक्षक भिंत बांधायचं ठरलं. पाहणीला साहेब आले ते ऐन उन्हाळ्यात, नदीच्या पात्रात शेरडं चरत असताना. त्यांनी नकाशा पसरून उंची सांगितली. मामांनी गवंड्याची पाण्याची नळी आणली, शाळेवरच्या रेघेची पातळी काठापर्यंत नेली आणि तिथं बांबूवर खूण केली. साहेबांची भिंत खुणेच्या दोन हात खाली राहत होती.

"मामा, निधी तेवढाच मंजूर आहे," साहेब म्हणाले.

"मग पाण्यालाबी कळवा की, मंजुरी एवढीच हाय म्हणून!"

सगळे हसले. भिंत बांधली ती दोन हात कमीच. मला मात्र अजून संताप येतो. उद्घाटनाच्या मंडपाला निधी मिळाला, पाहुणे येणार म्हणून शाळेला रंग द्यायलाही मिळाला. त्या रंगाखाली मामांची रेघ गेली. रेघ पुसली की पूर आलाच नव्हता, असं वाटतं की काय या लोकांना?

उद्घाटनाला मामा गेले नाहीत. मी शोधत गेलो तर गोठ्यात बसलेले. नव्या कालवडीच्या गळ्यात दावं होतं, पण खुंट्याला गाठ नव्हती, नुसता सैल वेढा. ती रोज सुटते, शेजाऱ्याच्या वैरणीच्या कडवळात शिरते आणि शेजारी रोज शिव्या घालतो.

"मामा, गाठ मारत जा की."

ते गोठ्यातल्या लाल रेघेकडं बघत राहिले. "न्हाय, जावईबापू. त्या दिवशी लई घट्ट मारली होती म्या."

तेवढ्यात कालवड सुटली आणि कडवळाकडं निघाली. तिला वळवायला आम्ही दोघंही उठलो नाही.