सावकाशरावांचा ताप

माझी मावशी सरकारी शाळेत चौथीला शिकवायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं, ती आमच्याकडेच राहायची, आणि आई म्हणायची की देवाने हिला सगळं दिलं, फक्त जिभेला हाड द्यायचं विसरला. वर्गात मात्र तीच जीभ गोड व्हायची. गणित असो की भूगोल, मावशी सगळं गोष्टीतून शिकवायची. भागाकार म्हणजे चार चोरांनी सारखी वाटून घेतलेली लूट, आणि बाकी म्हणजे पळताना रस्त्यात सांडलेली. तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की शेजारच्या वर्गातले शिक्षक दार लावून घ्यायचे.

त्या वर्षी तिच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला उत्तर यायचं, पण उशिरा यायचं. प्रश्न विचारला की तो खिडकीकडे बघत ओठ हलवायचा, आणि वर्ग पुढच्या धड्यावर गेला की हात वर करून मागच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. मावशीने त्याचं नाव ठेवलं होतं सावकाशराव. "या, सावकाशराव. पोचलात का?" असं ती म्हणाली की तो मान खाली घालून हसायचा. त्याची आई एका कचेरीत फरशा पुसायची. सकाळी मुलाच्या आधी घराबाहेर पडायची आणि दिवेलागणीला परत यायची.

मग समान परीक्षा आली. सगळ्या सरकारी शाळांना एकाच दिवशी एकच पेपर, चार पर्यायांतल्या एकाचा गोळा काळा करायचा, आणि वर्गवार निकाल फाटकावर लावायचा. एकदा सहामाहीला, एकदा वर्षअखेरीला. शिक्षकांच्या बैठकीत मावशी एकटी उभी राहिली. म्हणाली, "उंची मोजायची तर मोजा. पण ठेंगण्याला फाटकावर टांगू नका." मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. ते गोड हसले आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं छान आहे, बाई. पेपर मंगळवारी आहे."

सहामाहीला मावशीचा वर्ग शेवटून दुसरा आला.

पालकांची सभा भरली. सभागृहात अर्धे लोक परीक्षेच्या बाजूचे होते, अर्धे विरोधातले, आणि सगळे घसा ताणून बोलत होते. मावशी छान बोलली. मुलांची भीती, पाठांतर, कोवळं वय. टाळ्याही पडल्या. मग एक बसचालक उठला. त्याची मुलगी मावशीच्याच वर्गात होती.

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "माझी पोरगी तुमच्याकडे सहा महिने हसली. मला वाटलं, चांगलं चाललंय. निकाल लागला तेव्हा कळलं, तिला तीन ओळी धड वाचता येत नाहीत. परीक्षा नसती तर मला हे कोणी सांगितलं असतं? तुम्ही? हसायला काय, मी तिला घरीच शिकवलं असतं."

त्याला जास्त टाळ्या पडल्या.

दोन दिवसांनी घरी सभेचा विषय निघाला तेव्हा आईने त्या माणसाला चार शिव्या दिल्या. मावशी म्हणाली, "उगाच बोलू नकोस. सभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला पुस्तक दिलं आणि वाच म्हटलं. तिला खरंच येत नाही. चित्र बघून मनाने जुळवते. माझ्याच गोष्टी मला वाचून दाखवत होती."

त्या आठवड्यात गोष्टी बंद झाल्या. सराव पेपर सुरू झाले. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. दोन पर्याय उघड चुकीचे असतात, ते खोडा. येत नसेल तरी गोळा रिकामा ठेवू नका. मधल्या सुट्टीतही सराव. बसचालकाची मुलगी दोन महिन्यांत वाचायला लागली, हे खोटं नाही. मुलं पेन्सिली कुरतडायला लागली, एक दोघं बाकावरच ओली व्हायला लागली, हेही खोटं नाही. मावशीची जीभ आता घरी होती तशीच वर्गातही झाली.

सावकाशराव मात्र तसाच राहिला. पेपर गोळा करायची वेळ व्हायची तेव्हा तो तिसऱ्या प्रश्नावर असायचा. तीनही बरोबर.

वार्षिक पेपरच्या आदल्या आठवड्यात मोठ्या सरांनी मावशीला खोलीत बोलावलं. "तुमचा वर्ग पहिला येऊ शकतो. एक मुलगा सोडला तर," ते म्हणाले. "गैरहजर मुलं सरासरीत धरत नाहीत. मी काही सुचवत नाहीये हं, फक्त नियम सांगतोय. तुम्ही सुज्ञ आहात."

सुज्ञ मावशी त्या संध्याकाळी सावकाशरावच्या घरी गेली. त्याच्या आईला म्हणाली, "त्या दिवशी त्याला बरं वाटत नसेल तर पाठवू नका. उगाच जिवाला ताण."

आईला सूचना कळलीच नाही. "नाही हो बाई," ती म्हणाली, "तो ठणठणीत आहे. पेपरला नक्की पाठवते."

आणि तिने पाठवला. मी तेव्हा त्याच शाळेत सातवीला होते, फाटकाजवळच्या रांगेत उभी होते. तो धुतलेला गणवेश घालून आला होता, केसांवर पाणी मारून भांग पाडलेला, हातात टोक केलेल्या दोन पेन्सिली. मावशी फाटकातच उभी होती. तिने त्याला बाजूला घेतलं.

"तुला ताप आहे," ती म्हणाली.

"नाही बाई."

तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. जरा वेळ ठेवला. "आहे. घरी जा आणि झोपून राहा."

त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. मग मावशीच्या तोंडाकडे बघितलं. मावशीने त्याला आजवर खोटं काही सांगितलेलं नव्हतं. तो वळला आणि रांगेच्या उलट्या बाजूने चालत गेला.

दिवसभर तो घरी पांघरूण घेऊन पडला. ऐन उन्हाळा, वर पत्रा. संध्याकाळी आई आली तेव्हा त्याचं अंग तापलेलंच होतं.

मावशीचा वर्ग पहिला आला. शाल मिळाली, फोटो निघाला. बसचालक फळांची पिशवी घेऊन घरी आला आणि मावशीच्या पाया पडला.

मग चौकशी आली. पेपरच्या दिवशी बऱ्याच शाळांतली नेमकी कच्ची मुलंच आजारी कशी पडली, हे वर कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. मोठ्या सरांनी काखा वर केल्या. "मी तर हजेरीबद्दल फार कडक असतो," ते म्हणाले. मावशीची नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच होतं. सावकाशरावच्या आईला साक्षीला बोलावलं, तेव्हा मावशी समोरच्याच खुर्चीत होती.

अधिकारी बाईंनी विचारलं, "तुमच्या मुलाला फाटकातून परत कोणी पाठवलं?"

"या बाईंनीच," ती म्हणाली. "फार उपकार झाले हो. मी आई असून मला कळलं नाही, यांना नुसता हात लावून कळलं. रात्रीपर्यंत फणफणला होता. आदल्या आठवड्यातही घरी येऊन सांगून गेल्या होत्या, बरं नसेल तर पाठवू नका म्हणून. चूक माझीच आहे."

अधिकारी बाईंचा आवाज चढला. तापलेल्या मुलाला परीक्षेला पाठवता, काही जबाबदारी आहे की नाही, असं त्या तिला बरंच बोलल्या. ती पदराशी चाळा करत मान हलवत राहिली. मध्येच तिने मावशीकडे बघितलं, आणि आपल्यामुळे यांनाही इथे बसावं लागलं म्हणून ओशाळून हसली.

मावशीची नोकरी वाचली.

हे सगळं तिने स्वतःच त्या दिवशी माझ्या आईला सांगितलं, मटार सोलता सोलता. आईने विचारलं, "मग तू तोंड का नाही उघडलंस?"

"ती बोलत होती ना," मावशी म्हणाली. "मध्ये कशाला बोलायचं?"

पेपर दिला नाही म्हणून सावकाशराव चौथीतच राहिला. पुढच्या वर्षी मावशीने त्याला दुसऱ्या तुकडीत घालायला लावलं. व्हरांड्यात दिसला की तो थांबून हसायचा. मावशी मनगटावरच्या घड्याळात बघत पुढे जायची. दिवाळखोर दुकानासारखी ती परीक्षा पुढे एकदा बंद झाली आणि नवी पाटी लावून पुन्हा उघडली. मोठे सर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मावशी बसली. मुलाचं काय झालं ते मी तिला एकदा विचारलं. आठवून म्हणाली, सहावीत शाळा सोडली वाटतं.

या सगळ्याने तिची झोप उडाली असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मी तिच्याच खोलीत झोपायचे. अंग टाकलं की ती घोरायला लागायची.